घाव टाकीचे, पण टाकी कुणाच्या हातात?

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे ऐकतच आपण मोठे झालो. अलीकडे त्याच म्हणीने नवा वेष घेतला आहे : कम्फर्ट झोनच्या बाहेर पडा. ऑफिसातल्या प्रशिक्षणात हे सांगतात, जिमच्या भिंतीवर हे रंगवलेलं असतं, स्टेजवर जायला घाबरणाऱ्या मुलाला हेच सांगून पुढे ढकलतात. महिनोन्महिने आजारी असलेल्या माणसाला भेटायला आलेला पाहुणाही निघताना हेच सांगून जातो.

म्हण मला आवडते, पण तिच्यात दोन गोष्टी सांगायच्या राहून गेल्या आहेत. टाकीखाली जे दगड तडकले, दुभंगले, बाजूला फेकले गेले, त्यांचा हिशेब त्या म्हणीत नाही. आणि दगडाला कुणी विचारत नाही. घाव कुठे घालायचा, किती जोरात, थांबायचं कधी, सगळं टाकी धरणारा ठरवतो. दगडाच्या बाबतीत ते चालून जातं. माणसाच्या बाबतीत ते चालत नाही, आणि हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. गेल्या शंभर वर्षांत शरीर आणि ताण यांच्याविषयी जे काही कळलं आहे, त्याचा रोख मला याच दिशेने दिसतो. चाकोरीबाहेर पडणं औषध ठरेल की विष, हे मात्रेवर अवलंबून आहे, मधल्या विश्रांतीवर आहे, आणि सगळ्यात जास्त ही मात्रा कोण ठरवतं यावर आहे.

‘कम्फर्ट झोन’ हा शब्द मनासाठी वापरला जाण्याआधी हवेसाठी वापरला जायचा. १९२३ साली अमेरिकेत हॉटन आणि याग्लू या दोन संशोधकांनी वेगवेगळ्या तापमानाच्या आणि दमटपणाच्या खोल्यांत माणसांना बसवलं, त्यांना कसं वाटतंय ते विचारलं आणि ज्या पट्ट्यात बहुतेकांना बरं वाटलं त्याला हे नाव दिलं. त्या पट्ट्यात शरीराला फारसं काही करावं लागत नाही. त्याच्या खाली गेलात तर कुडकुडून ऊब तयार करावी लागते, वर गेलात तर घाम गाळावा लागतो. म्हणजे बाहेर पडलं की शरीराला खर्च येतो, हे त्या मूळ कल्पनेतच होतं. पुढे व्यवस्थापनाच्या जगाने शब्द उचलला आणि खर्चाचा भाग तेवढा गळून पडला.

आधी बाहेर पडण्याच्या बाजूने बोलतो, कारण ती बाजू खरी आहे आणि तिच्यात दम आहे.

१९६६ साली डॅलसमध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. पूर्ण आराम. उठल्यावर तपासलं तर श्रम करताना ऑक्सिजन वापरण्याची त्यांची कमाल क्षमता एक चतुर्थांशाहून जास्त घसरली होती. याच पाच जणांना तीस वर्षांनी पुन्हा बोलावून तपासलं. आता ते पन्नाशीत होते, वजनं वाढलेली होती. तरीही त्या तीन आठवड्यांच्या आरामाने त्यांच्या क्षमतेचं जेवढं नुकसान केलं होतं, तेवढं तीस वर्षांच्या वयानेही केलेलं नव्हतं. मग सहा महिने हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम करून घेतला, तर वयाने खाल्लेली ती क्षमता भरून आली. आरामाची एवढी मोठी किंमत आणि सावकाश कष्टाचा एवढा मोठा परतावा, दोन्ही त्याच पाच शरीरांत दिसलं.

हाडांचंही तसंच. टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. उलट अवकाशात, जिथे पायांवर भारच नाही, तिथे अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला सुमारे १ ते १.५ टक्क्याने कमी होते. शरीर काटकसरी आहे. जे वापरात नाही त्यावर ते खर्च करत नाही. पाठदुखीच्या रुग्णाला पूर्वी सक्तीने झोपवून ठेवत. आता साध्या पाठदुखीत शक्य तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवा असंच डॉक्टर सांगतात, कारण झोपून राहिलेले उशिरा बरे होतात असं दिसून आलं. तेव्हा ‘जपून राहा’ हा सल्लाही वाटतो तितका निरुपद्रवी नाही. पूर्ण सुरक्षिततेत राहणारं शरीर आहे तिथे टिकत नाही. त्याची मर्यादाच आत आत सरकत येते.

पण हाडाचीच गोष्ट थोडी पुढे न्यावी लागेल.

१८५५ साली ब्राइटहॉप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांबच्या कूचनंतर सैनिकांच्या पायांना येणारी सूज आणि वेदना यांचं वर्णन लिहून ठेवलं. कारण कळायला आणखी चाळीस वर्षं गेली, कारण क्ष-किरणच सापडले १८९५ मध्ये. मग दिसलं की त्या पायांत बारीक भेगा पडलेल्या असतात. कुठे पडलेले नाहीत, कुणी मारलेलं नाही, नुसतं चालून चालून हाड मोडलेलं. नव्याने भरती झालेल्या सैनिकांत हे आजही दिसतं. हाडावर भार पडला की आधी जुना थर पोखरला जातो, मग नवा भरला जातो. पोखरण्याचं काम लवकर उरकतं, भरण्याचं काम रेंगाळतं. या मधल्या काळात हाड आधीपेक्षा कमकुवत असतं. तेवढ्यात भार वाढवत गेलात तर मजबूत व्हायला निघालेलं हाडच तुटतं.

हे मला पुस्तकातून कळण्याआधी माझ्या नडगीतून कळलं. बैठ्या कामाच्या वीस वर्षांनंतर मी धावायला लागलो. पहिले दोन आठवडे फार छान गेले. श्वास मोकळा झाला, झोप गाढ लागायला लागली. ज्या गटाबरोबर धावत होतो तिथे दर रविवारी अंतर वाढवायचं असा शिरस्ता होता. चौथ्या रविवारी नडगीत आतून एक बोचरी कळ आली. ‘शरीर कुरकुरणारच, ऐकायचं नाही’ असं मला सांगितलं गेलं आणि मला ते पटलं. मी आणखी दहा दिवस धावलो. पुढचे तीन महिने चालणंही जपून करावं लागलं. मला आज वाईट वाटतं ते दुखापतीचं नाही. माझं शरीर मला अगदी वेळेवर आणि नेमक्या जागी सांगत होतं, आणि मी त्या आवाजाला आळस समजलो, याचं वाईट वाटतं.

हृदय आणि स्नायू आठवड्यांत सुधारतात. हाडं आणि स्नायूबंध यांना महिने लागतात. म्हणजे एकाच माणसात चार घड्याळं चार वेगांनी चाललेली असतात, आणि उत्साह नेहमी सगळ्यात वेगवान घड्याळाकडे बघतो. याची सगळ्यात गंभीर बाजू हृदयाची आहे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं की, ज्यांना व्यायामाची अजिबात सवय नाही अशांनी अचानक जोराचं कष्टाचं काम केलं, तर पुढच्या तासाभरात हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका त्यांच्या एरवीच्या धोक्याच्या शंभरपटीहून जास्त असतो. आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा व्यायाम करणाऱ्यांत तोच धोका सुमारे अडीचपटच वाढतो. एका तासापुरता धोका मुळात फार लहान असतो, म्हणून कुणी घाबरून बसू नये. पण या दोन आकड्यांमधलं अंतर नीट पाहावं. काम तेच, घाम तोच. एकाचं शरीर तिथवर पायऱ्या चढत आलेलं, दुसऱ्याचं थेट उडी मारून.

ज्या क्षेत्रांत चूक झाली की माणसं मरतात, तिथे हे केव्हाच ओळखलं गेलं आहे. उंच पर्वतावर जाणाऱ्यांसाठी डॉक्टरांचा नियम असा की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. कडक उन्हात किंवा भट्टीजवळ काम करणाऱ्या नव्या कामगारासाठी अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा सल्ला आहे की पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या २० टक्केच काम द्यावं आणि रोज २० टक्के वाढवावं, कारण उष्माघाताचे मृत्यू मोठ्या प्रमाणात कामाच्या पहिल्या काही दिवसांतच होतात. एखाद-दोन आठवड्यांत शरीर बदलतं. घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं, रक्तातला द्रव वाढतो. काल ज्या उन्हाने जीव घेतला असता, त्याच उन्हात आज काम होतं. इथे कुणी ‘घाबरट आहेस, बाहेर पड’ म्हणत नाही. पायऱ्या आखून देतात. ही शिस्त पर्वतावर आणि भट्टीजवळ आहे. ती कचेरीत, शाळेत आणि घरात का नसावी, असा माझा प्रश्न आहे.

कारण मनाच्या बाबतीत आपण अजून उडीवरच विश्वास ठेवतो.

माझी आई दोन वर्षांपूर्वी जिन्यात पडली. मनगट मोडलं. हाड दीड महिन्यात जुळलं, पण तिने जिना सोडला. मग दाराबाहेर जाणं सोडलं. मग खुर्चीतून उठताना कुणाचा तरी हात लागायला लागला. प्रत्येक टप्प्यावर तिचं कारण समंजस वाटायचं : पुन्हा पडले तर? पण न चालल्याने पाय बारीक होत होते, तोल जात होता आणि पडण्याची शक्यता खरोखरच वाढत होती. भीती आपलं भाकीत आपणच खरं करून दाखवत होती. प्रत्येक टाळण्याने तिला त्या क्षणापुरतं हायसं वाटायचं, आणि त्या हायसं वाटण्यानेच पुढचं टाळणं पक्कं व्हायचं. काळजीच्या आजारांत सुटकेचा क्षण हेच आजाराचं खत असतं, हे मानसोपचारात फार पूर्वीपासून माहीत आहे.

एका रविवारी मी ठरवलं की आता बास. तिला म्हटलं, “आई, चल, मी धरतो, काही होत नाही.” ती नको नको म्हणत होती. मी तिला जवळजवळ उचलूनच चार पायऱ्या उतरवल्या. ती पडली नाही. तिला काहीही लागलं नाही. माझ्या दृष्टीने प्रयोग यशस्वी झाला होता. ती वर आली, तिचे हात थरथरत होते, आणि त्यानंतर दोन आठवडे तिने दाराच्या उंबऱ्यापाशी यायलाही नकार दिला.

मला तेव्हा कळलं नाही की काय चुकलं. पायऱ्या तर उतरलो होतो!

१९२४ साली मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या तीन वर्षांच्या मुलाची गोष्ट लिहिली आहे. त्याला सशाची भीती वाटायची. त्यांनी पीटरला आवडीचं खायला देऊन बसवलं आणि पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. त्याचं खाणं बिघडणार नाही एवढ्याच बेताने पिंजरा दिवसेंदिवस जवळ आणत गेले. मध्येच पीटर आजारी पडला, दोन महिने हॉस्पिटलात होता, आणि तिथून घरी निघताना एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर आला. परत आल्यावर भीती पुन्हा पूर्वीइतकीच. जोन्सबाईंनी पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. भीतीवरच्या आजच्या उपचारांतही, ज्यात माणसाला भीतीच्या गोष्टीसमोर टप्प्याटप्प्याने नेतात, हाच गाभा आहे : अंतर असं ठेवायचं की भीती वाटेल पण माणूस तिच्यात बुडणार नाही. तो बुडला तर शिकायला जागाच उरत नाही. शरीर फक्त एवढंच नोंदवतं की ही जागा धोक्याची होती, मला वाटलं होतं त्याहूनही जास्त.

माझ्या आईने त्या रविवारी ‘मी पायऱ्या उतरू शकते’ हे शिकलंच नव्हतं. माझं कुणी ऐकत नाही, हे ती शिकली होती.

यावर संशोधन आहे, आणि मला ते या सगळ्या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १९७० च्या आसपास वाइस नावाच्या संशोधकाने उंदरांच्या जोड्या घेतल्या. दोघांना शेपटीत विजेचे झटके बसायचे, अगदी सारखे, त्याच क्षणी, तेवढ्याच जोराचे. फरक एवढाच की एका उंदराला चाक फिरवून झटका थांबवता यायचा. दुसऱ्याच्या हातात काही नव्हतं. पहिल्याने थांबवला की त्याचाही थांबायचा. वेदना समसमान होती. तरी ज्याच्या हातात काही नव्हतं त्याच्या जठरात व्रण जास्त झाले. (असे प्रयोग प्राण्यांवर व्हायला हवे होते का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो मला छळतो. पण जे कळलं ते फेकूनही देता येत नाही.)

१९६७ मध्ये सेलिगमन आणि मायर यांनी कुत्र्यांवर अशाच प्रकारचा प्रयोग केला होता. ज्यांना झटका थांबवता येत नव्हता, त्यांच्यातले बरेच पुढे सुटायची वाट समोर असतानाही हलत नसत. याला त्यांनी शिकलेली असहायता म्हटलं. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ साली, त्याच दोघांनी मेंदूवरच्या पुढच्या कामाच्या आधारे स्वतःचं म्हणणं उलटं केलं, ही गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. ते म्हणाले की दीर्घ त्रासात गप्प पडून राहणं हे शिकावं लागत नाही, तो सस्तन प्राण्यांचा मूळ प्रतिसादच आहे. शिकावं लागतं ते ‘माझ्या करण्याने काही फरक पडतो’ हे. मेंदूचा पुढचा भाग ते टिपतो आणि मग खालच्या घबराटीला आवरतो. याचा अर्थ नीट घेतला तर कष्टाने माणूस घट्ट होतो हे अर्धंच खरं आहे. ज्या कष्टात त्याच्या करण्याने काहीतरी फरक पडला, त्या कष्टाने तो घट्ट होतो. नुसत्या सोसण्याने सोसण्याची ताकद वाढेलच असं नाही.

उंदरांवरून माणसांवर उडी मारू नये असं कुणी म्हणेल, आणि बरोबर म्हणेल. म्हणून ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांचा अभ्यास घ्या. १९६७ साली सुरू झालेल्या आणि पुढे मायकेल मार्मट यांनी नेटाने चालवलेल्या या कामात लंडनच्या व्हाइटहॉल या सरकारी कचेऱ्यांच्या भागातल्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा माग ठेवला गेला. सगळे कार्यालयात काम करणारे, पक्की नोकरी असलेले. समज असा होता की वरच्या अधिकाऱ्याला मोठे निर्णय, मोठी जबाबदारी, म्हणून त्यालाच हृदयविकार. निघालं उलट. सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या पुरुषांचा मृत्युदर सगळ्यात वरच्यांच्या सुमारे तिप्पट होता. धूम्रपान, रक्तदाब वगैरे धरूनही पूर्ण फरक उलगडत नव्हता. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या फेरीत एक धागा ठळक झाला : आपल्या कामावर आपला ताबा किती. काम कसं करायचं, कधी करायचं, यात ज्यांना बोलायला जागा नव्हती, त्यांच्यात हृदयविकार जास्त होता. जबाबदारीचं ओझं वरच्यांकडेही होतं. पण ते ओझं कधी खाली ठेवायचं, हेही थोडंफार त्यांच्याच हातात होतं.

आता सभागृहात उभं राहून ‘कम्फर्ट झोन सोडा’ सांगणाऱ्या व्यक्तीकडे पुन्हा बघा. ती बहुतेक वेळा कोण असते? ज्याला आपलं वेळापत्रक आपण ठरवता येतं असा वरिष्ठ. आणि ऐकणारा कोण? ज्याच्यावर रात्रपाळी, दुप्पट उद्दिष्ट, तयारी नसलेलं काम आदल्या संध्याकाळी येऊन पडतं असा माणूस. दोघांच्या तोंडी शब्द एकच, पण एकासाठी तो साहसाचा आहे आणि दुसऱ्यासाठी हुकुमाचा. रात्रपाळीचंच बोलायचं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये तिची नोंद ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात केली आहे. शरीराचं घड्याळ मोडणाऱ्या कामाला कुणी ‘वाढीची संधी’ म्हणत असेल, तर त्या शब्दाने खर्च लपवला जातो. जो खर्च मालकाने मोजायला हवा, तो कामगाराच्या स्वभावातला दोष बनतो. तू लवचीक नाहीस. तू घाबरतोस. मला या विषयात सगळ्यात जास्त राग येतो तो या अदलाबदलीचा.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की, जिथे जिथे दुसऱ्याला चाकोरीबाहेर काढण्याचा अधिकार कुणाला दिलेला आहे, तिथे त्या अधिकाराबरोबर काही बंधनं आली पाहिजेत. नवं, अवघड काम देताना पहिल्या दिवसाचा भार कमी हवा, जसा भट्टीजवळच्या कामगाराला असतो. विश्रांती ही बक्षीस म्हणून न देता कामाचाच भाग म्हणून आखलेली हवी, कारण हाड भरतं ते थांबल्यावर. आणि ‘आज नाही’ म्हणण्याचा हक्क हवा, ज्याची नोंद कुणाच्या विरोधात होणार नाही. शाळेत स्टेजला घाबरणाऱ्या मुलाला आधी तिघांसमोर बोलू द्या, मग दहांसमोर. आणि मधूनच खाली उतरावंसं वाटलं तर उतरू द्या, टाळ्या तरीही वाजवा.

यावर एक जुना, वजनदार आक्षेप आहे : माणसांच्या हातात लगाम दिला तर कुणी जागचं हलणारच नाही. आपण आळशी आहोत, ढकलल्याशिवाय चालत नाही. यात तथ्य आहे, नाकारत नाही. मला शाळेत एका बाईंनी ढकललं नसतं तर मी आजही चार लोकांत बोललो नसतो. पण ढकलण्यात आणि ढकलून देण्यात फरक आहे. त्या बाई माझ्या बाजूला उभ्या होत्या, आणि मी थांबलो असतो तर त्या रागावल्या नसत्या हे मला माहीत होतं. भीतीवर उपचार करणारेही रुग्णाला आग्रह करतात, चिकाटीने करतात. पण पुढची पायरी कोणती हे दोघं मिळून ठरवतात.

दुसरा आक्षेप असा की संकटातून गेलेली माणसं कणखर होतात. २०१० साली मार्क सीरी आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. आयुष्यात थोडीफार संकटं आलेली माणसं, एकही संकट न आलेल्यांपेक्षा आणि खूप संकटं आलेल्यांपेक्षा, मनाने बऱ्या स्थितीत होती. पहिला अर्धा भाग भाषणांत नेहमी येतो. दुसरा, म्हणजे खूप संकटं आलेल्यांचा, कुणी सांगत नाही. शिवाय असा अभ्यास जे भेटले त्यांच्याविषयीच बोलू शकतो. जे उभे राहिले नाहीत, ते प्रश्नावली भरायला येत नाहीत.

आणि सगळी शरीरं सारखी सावरतही नाहीत. एका जर्मन प्रयोगात वीस निरोगी पुरुषांना पाच दिवस रोज अनोळखी परीक्षकांसमोर भाषण करायला आणि तोंडी गणित सोडवायला लावलं. पहिल्या दिवशी सगळ्यांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, चढलं. तेरा जणांचं दुसऱ्या दिवसापासून शांत झालं. सात जणांचं रोज तसंच चढत राहिलं. बाहेरून पाहणाऱ्याला वीसही जण सारखेच दिसले असते. ‘सवय होईल’ हे वाक्य त्या सात जणांच्या बाबतीत खोटं होतं.

यातलं सगळ्यात दुःखद उदाहरण दीर्घ थकव्याच्या आजाराचं, ज्याला एमई किंवा सीएफएस म्हणतात. या रुग्णांत जरा जास्त श्रम झाले की एक-दोन दिवसांनी तब्येत कोसळते आणि कित्येक दिवस, कधी आठवडे, सावरत नाही. ठरलेल्या वेळापत्रकाने व्यायाम वाढवत नेणं हा उपचार त्यांच्यासाठी ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत २००७ पासून होता. रुग्ण वर्षानुवर्षं सांगत राहिले की याने आम्ही आणखी आजारी पडतोय. त्यांना सांगितलं गेलं की तुम्हाला हालचालीची भीती बसली आहे. २०२१ मध्ये त्या सूचना बदलल्या आणि तो उपचार काढून टाकला. चौदा वर्षं! माझ्या आईच्या बाबतीत भीतीचं निदान बरोबर होतं, इथे ते चुकीचं होतं, आणि बाहेरून आईची आणि अशा रुग्णाची खुर्ची सारखीच दिसते. म्हणूनच बाहेरच्याने ठरवू नये.

अपघातातून वाचलेल्यांना लगेच बसवून ‘सगळं बोलून टाका’ म्हणण्याची पद्धतही अशीच चांगल्या हेतूने आली होती. एकाच बैठकीत सगळं उकरून काढण्याने पुढचा मानसिक त्रास टळत नाही, काहींचा लांबतो, असं तपासाअंती दिसलं. ज्यांना बोलायचं होतं ते बोलले असतेच, आपल्या वेळेला.

शेवटी आईकडे एक तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी यायला लागली. पहिल्या दिवशी तिने व्यायाम घेतलाच नाही. ती खुर्चीशेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली, “आजी, आज कुठपर्यंत जायचं ते तुम्ही सांगा. परत कधी फिरायचं तेही तुम्हीच. मी फक्त बरोबर येणार.” आई तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “खिडकीपर्यंत.” खिडकी चार पावलांवर होती. त्या चार पावलांना एक आठवडा दिला. पुढे दार, मग जिन्याची पहिली पायरी, मग तीच पायरी बरेच दिवस. ती मुलगी दरवेळी एका वहीत लिहायची आणि आईला वाचून दाखवायची. मला घाई व्हायची. मी गप्प बसायला शिकत होतो.

चौथ्या महिन्यात आई एकटी जिना उतरली. खाली अंगणाचं फाटक आहे, त्याच्या पलीकडे रस्ता. रस्त्यापर्यंत जायचं असं तिनेच आदल्या दिवशी ठरवलं होतं. ती फाटकापर्यंत गेली, कडीला हात लावून उभी राहिली, रहदारीकडे पाहिलं आणि वळून परत आली. मी वरून बघत होतो आणि माझ्या तोंडून ‘अगं, अजून थोडं’ निघणारच होतं. ती वर आली, खुर्चीत बसली. धाप लागली होती, पण हात थरथरत नव्हते. “आज एवढंच,” म्हणाली. त्या मुलीने वही उघडली, तारीख घातली आणि लिहिलं : फाटकापर्यंत. स्वतःहून परत. मग आईला मोठ्याने वाचून दाखवलं, आणि आई म्हणाली, “कडी लावून आले, तेही लिही.”